निळ्या बुचाची बाटली

११ फेब्रुवारी, रविवार

ही वही ह्यांची. पुढून त्यांचं लिहिणं, मागून आता माहं. सातवीपत्तोर शिकलेय, तेबी फुलंब्रीकडच्या खेड्यातल्या शाळेत, तवा चुका कुणी काढू नयेत. काढणारा गेला.

उखाण्याबिगर कधी नाव घेतलं नाय. वहीत कोण ऐकतंय? बद्रीनाथ. बद्रीनाथ. बद्रीनाथ. घ्या, तीनदा घेतलं. कुठं आभाळ पडलं?

आज माळ्यावर चढले. चार महिने नजर वर केली नव्हती. मोठी काचेची बरणी, माल्टचे डबे, बूच ठोकायचं हँडल, समदं जिथल्या तिथं. अन् पाच भरलेल्या बाटल्या. तीन लाल बुचाच्या, दोन निळ्या.

अठ्ठावीस वर्षं बीअरच्या कंपनीत बाटल्या भरल्या ह्या माणसानं, तरी घरी येऊन पुन्हा तेच. "कंपनीची ती कंपनीची, ही आपली," म्हणायचे. पेल एल म्हणायचे तिला. फिकट, उन्हात धरली तर सोन्यावाणी. रविवारी दिवस कलला की दार लावायचं, पडदा ओढायचा अन् आम्ही दोघं. लाल बूच माहं, निळं त्यांचं. मी कॉलनीतल्या एकेकाच्या नकला करायची अन् हे हसून हसून पलंगावरून खाली यायचे. लेकरू झालं नाय आम्हाला. हाच आमचा गोंधळ.

"निळीला हात लावायचा नाय आवडी. कडक हाये. तुला सोसायची नाय."

गेल्या साली गणपती उठले, दुसऱ्या दिवशी ह्यांना रक्ताची उलटी झाली. तीन दिवसांत सरलं. डॉक्टर म्हणला लिव्हर. सासूबाईंनी तेवढा एकच शब्द ऐकला. दहाव्याला साऱ्या गावापुढं सारजाबाई म्हणल्या, "दारूनं नेला माहा लेक. अन् ही वतत व्हती."

तवापासून त्यांनी ह्या घरात पाय टाकला नाय. अन् मी काय बोलू? वततच व्हते की. गिलास तिरपा धरून, फेस न येऊ देता.

१४ फेब्रुवारी

ठरवलं. आखितीला, अक्षय तृतीयेला, ह्यांची पयली केळी हाये. आमच्याकडं आखितीला गेलेल्या माणसासाठी मातीची नवी केळी, लहान घागर, आणतेत, पाण्यानं भरून वर डांगर, खरबुजाचं फळ, ठेवून पुजतेत, म्हंजी उन्हाळ्यात तिकडं त्याचा जीव थंड व्हतो. मी पाणी भरणार नाय. निळी भरणार. पाणी पिऊन ह्यांचा जीव कधी थंड झाला व्हता?

एक बाटली केळीला पुरंल. पण पुढच्या साली काय? म्हणून करायला शिकायची.

अन् दुसरंबी हाये, ते वहीतच लिहिते. मला बघायचंय निळी किती कडक व्हती. माह्या हातानं किती गेलं ते.

आज ह्यांची पानं वाचली अन् हाबकलेच. पयल्या पानावर: माल्ट २ किलो, हॉप्स ३० ग्रॅम, पाणी १० लिटर. (माल्ट म्हंजी मोड आणून वाळवलेले जव, हॉप्स म्हंजी बीअरला कडू करणारा पाला.) खाली लिहिलंय, "आवडीनं तोंड वाकडं केलं." पुढं हॉप्स २४, "आवडी म्हणली लिंबाचा पाला." मग १८, "आवडी गप बसली." मग १५, "आवडीनं दुसरा गिलास मागितला." त्याच्यापुढं हॉप्स बदललेच नायत कधी.

माहं तोंड वाचून बीअर करत व्हता हा बाबा! मला वाटायचं माणसं वाचायची कळा माह्याकडंच हाये.

निळीची कृती मातर नाय. २०२१च्या दिवाळीत निळी सुरू झाली. त्याच्या आधी दोघांची एकच असायची. तिथं फकस्त एक ओळ: "निळ्या – ८० वर अर्धा तास." बाटल्या उकळून धुवायचं लिहिलं असंल. कडक करायची खुबी लपवली लबाडानं.

१८ फेब्रुवारी, रविवार

गयासभाई आले. ह्यांच्याच कंपनीत बीअर आंबवायच्या खात्यात हायेत. तीस वर्षं बीअरमधी अन् थेंब तोंडाला नाय. "भाबी, मैं नाक से पीता," म्हणतेत. त्यांच्या बायकोनं, जोहरानं, संगं खिमा धाडला व्हता.

"गयासभाई, मला निळी करायचीय."

ते माल्ट दळत व्हते. हात थांबला. "निळी? निळीचं काय खास नाय भाबी. लालच करो ना."

"तुम्ही दोस्त लोक सारखेच. बाईमाणसाला कडक सांगायची नाय."

ते हसले नायत. रोज हसतेत.

माह्या हिशेबानं कडक म्हंजी माल्ट जास्त. दोनचा अडीच किलो केला. सासष्ट डिग्रीच्या पाण्यात तासभर भिजवला, गाळला, तासभर उकळला. हॉप्सच्या हिरव्या गोळ्या अगदी शेळीच्या लेंड्यांवाणी. घालताना ह्यांच्या फोटोला म्हणलं, "बघा, तुमच्या शेळीनं टाकल्या." फोटो हसला नाय. हार लई जड झालाय वाटतं.

३ मार्च, रविवार

अगं माय!

बुधवारी बाटल्या भरल्या. भरताना फेसासाठी बाटलीत चिमूटभर साखर घालायची असती. मी चहावाणी चमचा घातला. वर शीग. आज दुपारी भाकरी थापत व्हते, अन् पलंगाखाली धडाम! मग दुसरी. मग तिसरी. भिंतीला काचा. मी परातीसकट बाहेर.

शेजारच्या मनकर्णाबाई बोंबलत आल्या, "सिलेंडर! सिलेंडर फुटलं गं आवडाबाईचं!"

"सिलेंडर नाय हो, लोणच्याची बरणी."

"लोणच्याची? मग हा वास?"

"लोणचं आंबलंय."

त्यांनी पदर नाकाला लावला अन् एक लांब श्वास घेतला. "वाईट नाय पण वास," म्हणल्या.

 एखादी तोंडावर फुटली असती तर सासूबाई म्हणल्या असत्या, दुसरीबी दारूनंच गेली.

१० मार्च, रविवार

वाचलेल्यातली एक उघडली. गरमीनं बिघडलीय, केळं सडल्यावाणी वास. पण कडक! एका गिलासात भिंत हलाया लागली. म्हंजी अडीच किलोत हे व्हतं. ह्यांची त्याच्याहून कडक, अन् हे तीन गिलास घ्यायचे! मला धक्काच बसला. तीन गिलास घेऊन, वर भांडे घासून, सोमवारी पयल्या पाळीला वेळेवर जात व्हता माणूस.

चढायची मातर लवकर. निळी सुरू झाली तवापासून दुसऱ्याच गिलासात जीभ जड, डोळे बारीक, खांदा पडायचा. मी चिडवायची, "काय बद्रीनाथराव, पाण्यानंबी चढतीय आता." मग जास्तच डुलायचे. गावात भारुडात सोंगं घ्यायचे ना, ती सवय. पिल्यावर सोंगाड्या बाहेर यायचा.

कृतीत बदल: माल्ट तीन किलो. साखर मोजून. बरणीला ओलं पोतं गुंडाळून कुलरपुढं ठेवायची.

एक अडचण. यीस्टची पुडी, म्हंजी आंबवायचं विरजण, संपली. गयासभाई फोनवर म्हणले, "जुन्या बाटलीच्या तळाला जी पांढरी साय बसती ना भाबी, ती जिवंत असती. तीच टाका." दह्याच्या कवडीवाणीच की! हे मला सांगायचं सोडून कंपनीवाले एवढ्या टाक्या बांधून बसलेत.

१७ मार्च, रविवार

विरजण कडक पाहिजे म्हणून निळीचंच घ्यायचं ठरवलं. दोनातली एक उघडली. वरची बीअर लोट्यात काढली. तोंडापत्तोर नेला लोटा. खरंच नेला. मग आठवलं.

एकदा ह्यांच्या गिलासातला घोट मी लबाडीनं घ्यायला गेले व्हते. ह्यांनी असा हात मारला की गिलास भिंतीवर. तीस वर्षांत माह्यावर हात उगारला नाय तो माणूस. गिलास फुटल्यावर स्वतःच घाबरून बसले. "शब्द दे आवडी, निळीला तोंड लावणार नाय." दिला. त्यांनी मग काचा येचल्या अन् एक बोट कापून घेतलं.

दिला तो दिला. लोटा अंगणातल्या लिंबोणीला वतला. "झिंग आली तर डुलू नको," म्हणलं तिला, "मनकर्णाबाई बघतीय."

तळाची साय थोडीच निघाली. बरणीत टाकली.

२१ मार्च

चार दिवस झाले, बुडबुडा नाय. बरणी मढ्यावाणी गप. वरून बुरशी. तीन किलो माल्ट मोरीत गेला.

मनात आलं, रांडमुंड बाईच्या हाताला विरजणबी लागत नाय का? मग माहंच मला हसू आलं. दही तर रोज लागतंय.

२३ मार्च

काल पुन्हा केलं, थोडंच. ह्या वक्ताला लाल बाटलीची साय घातली. आज सकाळी बघते तर फेस बरणीच्या गळ्यापत्तोर!

एकाच माणसानं केली, एकाच बरणीतली, एकाच दिवशी भरलेली. लालीची साय जिवंत, निळीची मेलेली. असं कसं?

गयासभाईंना बोलावलं. त्यांचे रोजे चालूयेत, वासबी नको म्हणून उंबऱ्याच्या बाहेर बसले. मी इचारलं. ते चपलेची धूळ झटकू लागले.

"कडकपणानं मेली असंल," मीच म्हणलं.

"हां. वैसाच असंल काहीतरी."

"तुमचं तीस वर्षांचं नाक काय म्हणतं?"

"भाबी, रोजे में मत पूछो," म्हणले. "रोजात माणसाला खोटं बोलता येत नाय." अन् चप्पल न घालताच निघाले. परत येऊन घालून गेले.

उपासानं भोवळ आली असंल. वय झालंय.

२५ मार्च, धुळवड

समदे रंग खेळतेत. मनकर्णाबाईंनी माह्या गालाला लावायला हात आणला अन् मागं घेतला. मीच त्यांचा हात धरून लावून घेतला. कुणी बघितलं तर बघितलं.

मग घरात येऊन रडले. ह्यांच्या शेवटच्या रविवारची गोष्ट. दुसराच गिलास चालू व्हता, अर्धा ठेवला ह्यांनी. तोंड पिवळं दिसत व्हतं. मी काय म्हणावं? "बायकांवाणी पिता का आता? संपवा की!" अन् त्यांनी माह्याकडं बघून संपवला. हसून, डुलून, वर मिशी पुसून.

मीच म्हणलं संपवा. मी. सासूबाई खोटं बोलल्या नायत.

१४ एप्रिल, रविवार

चवीला अगदी ह्यांची लाल झालीय. हॉप्स १५, थंड ठेवलेली, साखर मोजून. पयला घोट घेतला अन् अंगावर काटा. वाटलं मागं उभे हायेत. मागं बघितलं तर कुलर.

पण निळी? माल्ट वाढवला की नुसती गुळमट अन् डोकं धरायला लावणारी व्हती. आता इचार सुचत नाय. हल्ली एक गोष्ट डोक्यात येती. बाटल्या भरायच्या दिवशी हे मला हमखास कुठंतरी धाडायचे. जा, देवीला जाऊन ये. जा, जोहराकडं बसून ये. परत यावं तर घरात उकळल्याचा वास, मोठं पातेलं खालून काळं. सिलेंडर महिनाभरबी पुरायचं नाय, मी गॅसवाल्याला शिव्या द्यायची. अन् सोडावॉटरच्या बाटल्या आणून ठेवायचे, पित्ताला म्हणून. कडक करायला उकळून आटवत असतील. उसाच्या रसाचा गूळ व्हतो तसा. पुढच्या वक्ताला आटवून बघते.

२ मे

नानासाहेबांचा, माह्या दिराचा फोन. "वहिनी, आई येती म्हणती आखितीला."

मी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. "कोणाची आई?"

"माहीच की हो! म्हणती, लेकाची पयली केळी हाये, ती बाई नीट पुजणार नाय. मी बघून येते."

म्हंजी तपासणीला येऊ लागल्या. बरंय. केळी लहानच आणली, एक बाटली मावंल एवढी. निळी एकच उरलीय. भरणार म्हंजी भरणार. सारजाबाईंना वाटू द्या पाणी हाये.

१० मे, आखिती

आजचं आजच लिहिते. नाय लिहिलं तर उद्या मलाच खरं वाटायचं नाय.

सकाळीच नानासाहेबांनी सासूबाईंना जीपमधून आणलं. पंच्याऐंशी वय, कमरेत वाकलेल्या, पण नजर तीच. उंबऱ्यात थांबल्या. मी पायावर पाणी घातलं. "नीट सारवलंय का," एवढंच म्हणल्या. फरशीचं घर हाये, सारवायचं काय? पण मी म्हणलं, व्हय.

पुरण झालं, आमरस झाला. केळी मी आधीच भरून फोटोपुढं ठेवली व्हती, वर पळसाचं पान झाकून. गयासभाई दरसालाप्रमाणं डांगर घेऊन आले, त्यांच्या भावाच्या शेतातलं. हे असताना ह्यांच्यासाठी आणायचे, आज ह्यांच्या केळीसाठी. दारातच बसले.

सासूबाई हळदीकुंकू लावायला वाकल्या. पान सरकलं. त्या तशाच वाकून राहिल्या.

"काय भरलंय हे?"

"पाणी."

"आवडे, साठ वर्षं दारुड्याचं घर झाडलंय मी. तुझ्या सासऱ्याची भट्टी भिंतीपल्याड असली तरी मला सांगता यायचं. काय भरलंय?"

नानासाहेब म्हणले, "वहिनी! आज तरी!"

माह्या तोंडाला कुलूप कधी नव्हतं. म्हणलं, "त्यांना आवडायची ते भरलंय. तुम्हाला नाय आवडत तर तुमच्या केळीत पाणी घालीन."

नानासाहेब उठूनच उभे राहिले. सासूबाईंनी केळी दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, आता अंगणात आपटतेत. मी डोळे मिटले. आवाज आला नाय. उघडले तर त्या केळीत बघत व्हत्या.

"बघू दे तरी," त्या म्हणल्या, "काय पिऊन मेला."

अन् केळी तोंडाला लावली.

मी वरडले, "अहो, कडक हाये ती! पडताल!"

एक घोट. मग अजून एक, मोठा. जिभेवर फिरवला, नानासाहेबांकडं बघितलं, मग माह्याकडं. तसला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नाय. दहाव्यालाबी नाय.

"ह्यात काय नाय," म्हणल्या.

"काय नाय म्हंजी?"

"दारू नाय ह्यात. कडू काढा हाये. वर सोडा घातल्यावाणी." अन् केळी माह्यापुढं धरली. "पी. पिऊन सांग."

शब्द दिलेला. पण सासूनं पाजल्यावर काय करू? प्याले.

काढाच. हॉप्सचा कडूपणा, अन् त्याच्या मागं काय नाय. माह्या लालीचं मढं जणू. मी अजून प्याले. दोन घोट, चार घोट. आत काय तरी असंलच म्हणून पीत राहिले. काय नव्हतं. बाईमाणसाला, म्हातारीला, तान्ह्या लेकराला चालंल असं पाणी.

दारात गयासभाई डांगर मांडीवर घेऊन बसले व्हते अन् त्यांच्या दाढीवरून पाणी वघळत व्हतं.

"आता बोला," मी म्हणलं. "आता रोजा नाय."

११ मे

ते बोलले ते आज लिहिते. काल तिथंच वही मिटली.

२०२१च्या दिवाळीआधी कंपनीत सगळ्यांची तपासणी झाली. ह्यांचं लिव्हर सडत चाललं व्हतं. दारूनं नव्हं. लहानपणी कावीळ झाली व्हती, ती आतल्या आत राहिली म्हणं. डॉक्टर म्हणला, गोळ्या देतो, पण आता थेंब नको. ह्यांनी त्याच दिवशी सोडली. त्याच दिवशी!

"अन् मला आला इचारायला," गयासभाई म्हणले, "गयास, बीअरमधून नशा कशी काढायची? मी म्हणलं, ऐंशी डिग्रीवर अर्धा तास गरम कर, उडून जाती. वर थंड सोडा मार, फेस येतो. मग मीच म्हणलं, पागल, एवढं कशाला? सोडली ना, चाय पी! तो म्हणला, मी चहा घेऊन बसलो तर ती एकटी पिईल का रे? नाय पिणार. दार लावून बसणंच बंद व्हईल. मग ती नकला कुणापुढं करंल?"

नानासाहेब खिडकीतून बाहेर बघत व्हते.

"मी लई बोललो भाबी. बता दे, बता दे. त्यानं माह्या हातावर हात ठेवून कसम घेतली. म्हणला, तिला कळलं तर ती माह्या तोंडाकडं बघून बघून जगंल. मला तिनं चिडवलेलं पाहिजे."

सासूबाईंनी माह्या हातातून केळी घेतली. पुन्हा जागेवर ठेवली. आम्ही दोघींनी पिऊन अर्धीच राहिली व्हती. स्वतः उठून तांब्यातलं पाणी वतून ती भरली, पान झाकलं, गयासभाईंच्या मांडीवरचं डांगर उचलून वर ठेवलं. हळदीकुंकू पुरं केलं. मग भिंतीला पाठ लावून बसल्या. नानासाहेब म्हणले, "आई, निघायचं?" तर म्हणल्या, "तू जा."

मुक्कामाला हायेत. का, ते सांगत नायत. मीबी इचारलं नाय.

१२ मे, रविवार

मला राग आलाय. लई राग आलाय. ए बद्रीनाथा, ऐकतोस का? आज अहोजाहो नाय.

दोन वर्षांचे रविवार. शंभराला थोडेच कमी. दर रविवारी माह्यापुढं काढा पिऊन डुलायचास? जीभ जड करायचास? अन् मी, माणसं वाचणारी आवडी, पोस्टमनच्या चालण्यावरून त्याच्या घरचं भांडण सांगणारी, मला नवऱ्याचं सोंग कळू नये? सिलेंडर संपत व्हतं तरी कळू नये? पिवळा पडत व्हतास तरी?

मी गॅसवाल्याला शिव्या दिल्या. त्याची माफी कोण मागणार?

सांगितलं असतंस तर दवाखान्यात संगं आले असते. बाकावर बसले असते. तिथल्या नर्सची नक्कल करून तिथंच हसवलं असतं तुला. तू मला काय नुसती रविवारची समजलास?

अन् शेवटच्या दिवशी "संपवा की" म्हणलं. मारलं नाय मी तुला, हे आता कळलं. पण म्हणलं ते म्हणलंच. कडू काढा तुला जात नव्हता अन् तू मिशी पुसलीस.

सासूबाईंनी हाक मारलीय, भाकरीचं इचारतेत. लिहिणं बास.

१९ मे, रविवार

सासूबाई अजून इथंच. सकाळी म्हणल्या, "ते कसं करायचा तो, मला दाव."

दावलं. एप्रिलातल्या लालीच्या दोन बाटल्या पातेल्यात वतल्या. ऐंशीवर अर्धा तास. त्या स्टुलावर बसून डिग्रीच्या काट्याकडं बघत राहिल्या. वाफ वर जाऊ लागली तसा तोच वास आला, देवीहून परत आल्यावर घरात यायचा तो.  गार केलं, सोडा घातला, निळं बूच ठोकलं.

दिवस कलला. मी दार लावलं, पडदा ओढला. एक निळी अन् एक लाल मधी ठेवली. सासूबाईंपुढं निळीचा गिलास सरकवला.

"मला नको ते," म्हणल्या. "काढे पिऊन जल्म गेला. वाईच लाल दे."

मी बघतच राहिले. साठ वर्षं दारुड्याचं घर झाडणारी बाई! दिली. गिलास तिरपा धरून, फेस न येऊ देता. त्यांनी जीभ लावली, तोंड आंबट केलं अन् अजून घेतली.

"त्या दिवशी दहाव्याला..." म्हणल्या अन् थांबल्या.   पुढं काय आलं नाय. मग मीच कमरेत वाकले, हातात लोटा केळीवाणी धरला अन् त्यांच्याच आवाजात म्हणलं, "बघू दे तरी काय पिऊन मेला!"

क्षणभर वाटलं आता मार बसतो. मग त्यांचं पोट हललं. दात नाय तोंडात, पण अशा हसल्या की लुगड्याच्या पदरानं डोळे पुसावे लागले. मग पुसतच राहिल्या. लई वेळ.

मी निळीचा गिलास घेतला. दुसऱ्या घोटाला उठले अन् डुलून बघितलं, ह्यांच्यावाणी. जमंना. शुद्धीत असताना डुलणं लई अवघड. पाय आपोआप नीटच पडतेत.

"तसं नव्हं," सासूबाई म्हणल्या. "भारुडात डावा खांदा आधी पाडायचा तो. खांदा पाड. मग मान. हां. आता जीभ."

पाडला खांदा. त्या बघत राहिल्या. "हां," म्हणल्या, "असाच."

वही इथं संपती. मागून लिहीत आले ते ह्यांच्या शेवटच्या पानाला येऊन टेकले. त्यांच्या ओळीखाली थोडी जागा हाये, तिथंच लिहिते.

निळ्या – ८० वर अर्धा तास.

आवडीनं तोंड वाकडं केलं. समदी प्याली.